श्वास सोडा, पाटील

(आकाशवाणीवरून झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



कवीला बोलायला बोलावलं की तो पावसावर बोलेल, आईवर बोलेल, फार तर दुष्काळावर बोलेल, असं सगळ्यांनी धरलेलं असतं. मी आज कपड्यांवर बोलणार आहे. तेही पुरुषांच्या. शिंप्याकडून माप देऊन शिवून घेतलेले कपडे घालताना आपण पुरुष ज्या चुका करतो, त्यांच्यावर. बायकांच्या कपड्यांवर आपल्याकडे गावातला रिकामटेकडाही मत देतो. पुरुषाच्या कोटाची बाही चार बोटं लांब असली तरी त्याला कुणी काही सांगत नाही.

मला हे बोलायचा अधिकार काय, असं कुणी विचारेल. माझे अब्बा शेवगावात टेलर होते. बसस्टँडच्या मागच्या गल्लीत दुकान, दोन मशिनी, एक उषाची आणि एक जुनी सिंगर. सहावीत असल्यापासून मी दुकानात काज-बटणाला बसायचो. बी.ए. झालो तोवर किती काजं केली असतील, मोजदाद नाही. कविता नंतर आली. अंगुस्तान आधी आलं.

गावात त्यांना मास्तर म्हणायचे. मोठा मान होता. शेवगाव म्हणजे कपाशीचा मुलूख आणि पाथर्डीसारखाच ऊसतोडणीला जाणाऱ्या माणसांचा. दिवाळीच्या सुमारास गाड्या भरून माणसं कारखान्यांवर जायची आणि पट्टा पडला की परत यायची. मग लग्नसराई. चैत्र-वैशाखात आमच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसायची. उचलीचे पैसे फिटून जे चार उरलेले असत, त्यातून नवरदेवाचा कोट शिवला जायचा. त्या माणसाच्या आयुष्यातला पहिला आणि बहुधा शेवटचा कोट.

तर, पहिली चूक. ती कपडे घालताना होत नाही, माप देताना होते.

दुकानात आलेला माणूस तोवर बरा असतो. पण अब्बांनी गळ्यातली टेप काढून त्याच्या कमरेभोवती टाकली की तो बदलतो. छाती बाहेर, पोट आत, हनुवटी वर. पोलिसभरतीला उभा राहिल्यासारखा. एरवी बैलगाडीच्या जुवाला धरून वाकणारा माणूस टेप लागताच सरळ होतो. त्या अवस्थेतलं माप घेऊन पॅन्ट शिवली तर ती फक्त त्या अवस्थेतच बसणार. आणि श्वास रोखून लग्न लागत नाही, जेवण तर मुळीच होत नाही.

अब्बा कुणाला ‘पोट सोडा’ असं म्हणत नसत. गिऱ्हाइकाचा अपमान करायचा नाही. ते टेप तशीच धरून सहज विचारायचे, ‘पाटील, यंदा कपाशी कशी आहे?’ पाटील बोलायला लागायचे. बोंडअळी, भाव, जिनिंगवाल्यांचं वजन. बोलताना माणसाला श्वास धरून ठेवता येत नाही. पोट आपल्या जागेवर येऊन बसायचं आणि अब्बा टेपेवर नजर टाकून मला आकडा सांगायचे. चौतीसचे छत्तीस झालेले असायचे. एखादा फारच हट्टी निघाला, नुसतं ‘बरी आहे’ म्हणून पुन्हा श्वास धरणारा, तर मात्र हसून म्हणायचे, ‘श्वास सोडा, पाटील. मी काही बायको बघायला आलेलो नाही.’

मापाच्या वहीत अशा माणसाच्या कमरेच्या आकड्यापुढे ते ‘श्वा’ असं लिहायचे. म्हणजे याचं माप श्वास धरून दिलेलं आहे, एक इंच वाढव. माझं गणित आणि माणसांची ओळख, दोन्ही त्या वहीवर झाली. त्यात गावातले मोठे मोठे ‘श्वा’ होते.

मापातल्या आणखी काही गोष्टी सांगतो, पटकन. चपलेवर माप द्यायचं आणि पॅन्ट घालायची बुटावर, मग ती घोट्यावर येते. खिशात पाकीट, किल्ल्या, तंबाखूची डबी ठेवून माप द्यायचं. हिवाळ्यात स्वेटरवरून माप द्यायचं आणि उन्हाळ्यात म्हणायचं, मास्तरांनी ढगळ शिवला. आणि सर्वांत वाईट म्हणजे स्वतः न येता जुनी पॅन्ट पाठवायची, ‘याच मापाची करा’. ती पॅन्ट चार वर्षांपूर्वीची. तीत मावणारा माणूस आता नाही.

आता कापड. आपल्याकडे पुष्कळांचे कपडे हे विकत घेतलेल्या कापडाचे नसतातच, ते आहेराचे असतात. लग्नात शर्टपीस-पॅन्टपीस येतो, तो कपाटात पडून राहतो, पुढच्या लग्नात आपण तो दुसऱ्याला देतो. एखादा पीस तालुका फिरून पुन्हा मूळ घरी आल्याचं मी पाहिलंय. शेवटी कुणीतरी तो शिवायला आणतो. ५८ इंची पन्ह्याचं सव्वा मीटर कापड मध्यम बांध्याच्या माणसाच्या पॅन्टला पुरतं, ३६ इंची पन्ह्याचं सव्वादोन मीटर फुल शर्टाला. कोट-पॅन्टचा पूर्ण सूट म्हणजे तीन मीटरच्या वर. पण आणणारा माणूस दोन मीटर पुढे ठेवून म्हणणार, ‘मास्तर, बसवा कसंतरी, पोराचंही निघालं तर बघा.’ बसतंही. कुठून बसतं, तर आतून कापड चोरावं लागतं.

आत जे जादा कापड सोडतात, शिवणीच्या पलीकडे, त्याला मराठीत ‘माया’ म्हणतात. शिवणकाम न येणाऱ्या श्रोत्यांना हा शब्द कदाचित नवा असेल. शिवणीत माया ठेवायची, म्हणजे उद्या माणूस सुटला तर कपडा उसवून सोडता येतो. अब्बांच्या पॅन्टीला मागच्या शिवणीत दीड-दोन इंच माया असायची. तयार कपड्यांत ती फार कमी ठेवतात, हजारो नग कापायचे तर एकेक इंच महाग पडतो. त्यामुळे तिथे माणसानं कपड्याच्या मापात राहायचं असतं.

सुती कापड असेल तर ते आधी पाण्यातून काढायला हवं. रात्रभर भिजवायचं, न पिळता सावलीत वाळवायचं, मग कात्री लावायची. घाईत हे राहतं आणि पहिल्या धुण्यात सदरा आटतो. दोष जातो टेलरकडे. टेरिकॉटमध्ये ती भानगड नव्हती, म्हणून तर आमच्याकडे ते इतकं चाललं. बेलबॉटमचे दिवस मला अंधुक आठवतात, मोहरी २४ इंच, २६ इंच. चिखलातून चालताना पोरं दोन्ही हातांनी पॅन्ट उचलून धरायची, नऊवारी नेसलेल्या आजीसारखी. नंतर सफारी आली. सफारीबद्दल मी काही बोलणार नाही. माझ्या लग्नाच्या फोटोत माझे तिन्ही मामा सफारीत आहेत आणि ते माझं बोलणं ऐकत असतील.

मग ट्रायल. कोट हा एका दमात शिवून होत नाही. तो आधी कच्च्या टाक्यांवर उभा करतात, अंगावर चढवून खडूनं खुणा करतात, पुन्हा उसवतात. या एका फेरीसाठी बोलावलं की माणूस येत नाही. ‘तुमच्यावर भरवसा आहे मास्तर.’ भरवसा नसतो, कंटाळा असतो. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी कोट न्यायला येतो आणि तेव्हा कळतं, उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली आहे. प्रत्येकाचा एक खांदा थोडा खाली असतो. पोती उचलणाऱ्याचा जास्त.

खांदा ही कोटातली सगळ्यात महत्त्वाची जागा. आमच्या भाषेत तिरा. बाहीची शिवण खांद्याचं हाड संपतं तिथेच यायला हवी. बाही आखूड करता येते, कंबर आत घेता येते, उंची थोडी कमी करता येते, पण तिरा चुकला की कोट चुकला. तयार कोट घेणाऱ्यांनी एवढं एक लक्षात ठेवलं तरी पुष्कळ. आपण मात्र आरशासमोर बटण लागतंय का ते बघतो.

बटणावरून आठवलं. दोन बटणांचा कोट असेल तर वरचं एकच लावायचं. तीन असतील तर मधलं लावायचं, वाटलं तर वरचंही. सगळ्यात खालचं कधीच लावायचं नाही. आपल्याकडे नवरदेव सगळी लावतो. का, तर बटण आहे म्हणून. इंग्लंडचा राजा सातवा एडवर्ड, १९०१ ते १९१० या काळात गादीवर होता, त्याचं पोट सुटलं म्हणून जाकिटाचं शेवटचं बटण लागेना आणि ते पाहून सगळ्या दरबारानं आपापलं शेवटचं बटण सोडलं, अशी गोष्ट सांगतात. खरी-खोटी देव जाणे. पण ती अब्बांना फार आवडायची. ‘बघ,’ म्हणायचे, ‘राजानं श्वास सोडला.’ गोष्ट राहू द्या, कारण कापडातच आहे. कोटाचा खालचा भाग बाहेर वळता कापलेला असतो, ते बटण लावलं की कमरेवर चुण्या पडतात आणि खुर्चीत बसल्यावर कोट गळ्याकडे चढतो. बसताना वरचंही सोडायचं, उठताना लावायचं. बंद गळ्याचा कोट किंवा शेरवानी असेल तर नेमकं उलटं, तिथे गळ्यापर्यंत सगळी बटणं लागलेली हवीत. उघड्या गळ्याची शेरवानी घालून फिरणारे नवरदेव बघितले की मला त्यांच्या टेलरची दया येते.

बाकीचे नियम थोडक्यात. कोटाच्या बाहीतून शर्टाचा कफ पाव-अर्धा इंच दिसावा. टायचं टोक पट्ट्याच्या बकलाला टेकावं, बेंबीला नाही आणि त्याच्या खालीही नाही. लोकरीच्या कपड्यावर थेट इस्त्री फिरवली की तो चकाकतो, आणि ती चकाकी नव्याची नसते. वर ओलं मांजरपाट ठेवून इस्त्री करायची. पॅन्ट कमरेवर घालायची, पोटाखाली नाही. पोटाखाली घातली की आसन खाली लोंबतं आणि चालणं बदकासारखं होतं.

या आसनाचं एक आपलं दुखणं आहे. कोट-पॅन्टचे हे सगळे नियम खुर्चीवर बसणाऱ्या माणसांनी केलेले. आपल्याला लग्नात मांडी घालून पंगतीला बसायचं असतं, मशिदीत गुडघे टेकायचे असतात, देवळात वाकायचं असतं. फॅशनच्या पुस्तकात बघून आसन बेतलं तर ते पंगतीत फाटणार. अब्बा प्रत्येक नव्या पॅन्टीत गिऱ्हाइकाला दुकानातल्या सतरंजीवर मांडी घालायला लावायचे. लाजायचे लोक. पण मांडी घातलेल्यांची पॅन्ट फाटली नाही.

आणि आमच्या नगर जिल्ह्याचं खास, म्हणजे पांढरे कपडे. जिल्ह्याचं नाव २०२४ साली अहिल्यानगर झालं, तरी जुनी सवय म्हणून तोंडात नगर येतं. आमच्या शेवगावचे बाळासाहेब भारदे १९६२ ते १९७२ या काळात विधानसभेचे अध्यक्ष होते. खादीचे माणूस. त्या पिढीचे कपडे जाडेभरडे, पण अंगाला ओळखणारे. नंतर जी पांढरी पिढी आली, तिनं खादी सोडली आणि पांढरा रंग ठेवला. कडक स्टार्च, आतून दिसणारा बनियन आणि वरच्या खिशात दोन मोबाइल, एक डायरी, तीन पेनं. खिसा छातीवरून पोटावर येतो. चांगला शिवलेला शर्ट त्या खिशापायी वाया जातो.

हा खिसा शब्द फारसीतून आला. अस्तर फारसीतलं, दर्जी फारसीतला, सदरा अरबीतून, छातीवरून आलेला. काज हे पोर्तुगीज ‘कासा’पासून, कासा म्हणजे घर. बटणाचं घर. इस्त्रीही पोर्तुगीजांचीच म्हणतात. बटण, कोट, कॉलर इंग्रजांचे. सुई आणि कात्री मात्र संस्कृताच्या घरातल्या. कुणी मला विचारतं, तुम्ही मुसलमान असून मराठीत कसं लिहिता? मी त्यांच्या शर्टाकडे बघतो.

बटणं येण्याआधी आपल्याकडे बंद होते. अंगरखा, बाराबंदी. मोगल काळातल्या चित्रांत जामा बघा, बंद डाव्या काखेत बांधलेले असले तर माणूस बहुधा हिंदू, उजव्या काखेत असले तर मुसलमान. चित्रांचे जाणकार त्यावरून माणूस ओळखतात. बटण आलं आणि सगळ्या पुरुषांची डावी बाजू उजवीवर आली, धर्म कोणताही असो. अब्बांना हे मी सांगितलं तेव्हा ते मशीन चालवत होते. म्हणाले, ‘बरं झालं. नाहीतर मला दोन वह्या ठेवाव्या लागल्या असत्या.’ नामदेव महाराजांचं नाव ते फार आदरानं घेत. ‘आपल्या धंद्यातले,’ म्हणत.

१४ एप्रिलच्या आधी आमच्याकडे निळ्या कोटांची कामं यायची. मजुरी करणारी पोरं पैसे साठवून कोट शिवायची. गावात हसणारे होतेच, उन्हाळ्यात कोट कशाला म्हणून. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा कोट हा काही शौकाचा कोट नव्हता. ज्यांच्या पिढ्यांना अंगभर नीटनेटका कपडा घालायचीही चोरी होती, त्यांच्यातला एक माणूस कोलंबियात आणि लंडनमध्ये शिकून आला आणि अंगाला नीट बसणारा सूट घालून सभेत उभा राहिला. गांधीजींनी १९२१ साली मदुराईत अंगावरचे कपडे उतरवून पंचा घेतला, त्याचं मोठेपण आहेच. पण उतरवायला आधी अंगावर असावं लागतं. अब्बांना ही चर्चा येत नव्हती. ते एवढंच म्हणायचे, या कोटांच्या तिऱ्यात हलगर्जी चालणार नाही. कॅनव्हास नवा घालायचे. पैसे तेवढेच घ्यायचे.

इथवर मी दुसऱ्यांच्या चुका सांगितल्या. आता माझी सांगतो. ही सांगण्यासाठीच मी हा विषय घेतला.

१९९७ साली नगरला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं, ना. सं. इनामदार अध्यक्ष होते. मी श्रोत्यांत होतो. त्याच्या पुढच्या वर्षी मला पुण्यातल्या एका कविसंमेलनाचं बोलावणं आलं. पहिलंच मोठं बोलावणं. अब्बांनी माझ्यासाठी कोट शिवला. घरातला आहेराचा एक चांगला गडद निळा पीस होता, तो त्यांनी कुणाला दिला नव्हता. डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला होता, सुईत दोरा मी ओवून द्यायचो. माप घेताना मला म्हणाले, ‘सांस छोड, बेटा.’ मी म्हटलं, सोडलाय.

कोटाला मागे जी चीर असते, व्हेंट म्हणतात तिला, ती घोड्यावर बसायच्या सोयीसाठी आली. कोट तयार झाला की ती चीर पसरू नये म्हणून तिच्यावर फुलीसारखा एक कच्चा टाका घालून ठेवतात. खिशांनाही तोंडावर कच्चा दोरा असतो. तयार कोटाच्या बाहीवर कंपनीच्या नावाची पट्टी असते. हे सगळं घालण्याआधी काढायचं असतं. पुष्कळ लोक काढत नाहीत. पट्टी तर मुद्दाम ठेवतात, किंमत कळावी म्हणून. आणि व्हेंटची फुली ठेवून माणसं लग्नंच्या लग्नं काढतात, मागून कोट डब्यासारखा फुगतो.

अब्बांनी मला तीनदा सांगितलं. एसटीत बसून व्हेंट चुरगळेल म्हणून टाका ठेवलाय, पुण्यात उतरलास की काढ. तिसऱ्यांदा बसच्या खिडकीशी येऊन सांगितलं. माझ्या डोक्यात कविता चालू होती. मी मान हलवली.

मी जी कविता वाचली ती अब्बांच्या हातांवर होती. मशीनवरचे हात, सुईनं टोचलेली बोटं, वगैरे. टाळ्या मिळाल्या. नंतर चहाच्या वेळी एक गृहस्थ मागून आले, हसत म्हणाले, ‘कविराज, मागे फुली राहिलीय. शिंप्यानं उधारीची खूण ठेवली काय?’ चार-पाच जण हसले. दुसऱ्यानं विचारलं, ‘कुठे शिवलात?’

मी म्हटलं, ‘गावाकडच्या एका शिंप्याकडून. काय करणार, तिकडे असंच.’

‘एका’ म्हणालो मी. अर्ध्या तासापूर्वी त्याच माणसाच्या हातांवर टाळ्या घेतल्या होत्या. त्या मंडळींनी कविता ऐकली होती, त्यातला बाप हाच, हे त्यांच्या लक्षात आलं नसेल. कदाचित आलंही असेल. एकानं कप खाली ठेवून माझ्याकडे जरा वेळ बघितलं, एवढं आठवतं.

रात्री लॉजवर ब्लेडनं तो टाका कापला. रागानं कापला, कापडालाही लागलं. घरी आल्यावर कोट खुंटीला टांगला. अब्बांनी हात फिरवला आणि डोळ्यांना दिसत नव्हतं ते बोटांना कळलं. ‘ब्लेडनं काढलास?’ मी गप्प. मग स्वतःच म्हणाले, ‘मी सांगायला विसरलो असेन. वय झालं.’

मी म्हणायला हवं होतं की तुम्ही तीनदा सांगितलंत. मी म्हटलं, ‘असेल.’

त्यांनी रफू केलं. दिवसा, दारात बसून, उजेडाकडे पाठ करून नाही तर तोंड करून, कारण डोळे तसे झाले होते. रफू कुठे आहे ते मलाही चटकन सापडत नाही. त्यानंतर त्यांनी एक नवीनच सुरू केलं. कोट शिवून झाला की खिशात एक चिठ्ठी ठेवायचे. शाळेच्या वहीचं चतकोर पान, त्यावर मराठीत, ‘मागचा टाका काढावा. ब्लेड वापरू नये.’ गावात त्या चिठ्ठ्यांची गंमत झाली. काही घरांत अजून असतील. लोकांना वाटायचं, मास्तर फार बारीक लक्ष देतात. त्या चिठ्ठ्या माझ्यामुळे होत्या, हे आजवर मी कुणाला सांगितलं नव्हतं.

अब्बा २०११ साली गेले. दुकानाच्या जागी आता मोबाइलची कव्हरं मिळतात. मापाच्या वह्या मी घरी आणल्या, नऊ आहेत. मध्यंतरी माझं माप शोधलं. १९९८, मे महिना. छाती ३६, तिरा १७, बाही २४, कंबर ३१, आणि पुढे बारीक अक्षरात, ‘श्वा’. म्हणजे मीही धरलेला होता. त्यांनी एक इंच सोडलेला होता, म्हणून तर तो कोट मला पुढे पाच-सहा वर्षं आला.

गेल्या वर्षी मुलाचं लग्न झालं. त्यानं कोट तयारच घेतला, महागाचा, संभाजीनगरहून. शिवायला आता वेळ कुणाला आहे, आणि शिवणारे तरी किती राहिले. निकाहच्या आधी खोलीत तो तयार होत होता, मी मागे उभा होतो. बाहीवर पट्टी, मागे फुली. त्याचा मित्र नेलकटर घेऊन पुढे आला. मी म्हटलं, थांब, सुई आण. सुई मिळेना. शेवटी एका पाहुणीनं पर्समधून दिली. मी चष्मा लावून एकेक टाका उचलायला लागलो. मुलगा म्हणाला, ‘अब्बा, किती वेळ, बाहेर सगळे थांबलेत.’ मी म्हटलं, थांबू दे.

तेवढ्या वेळात मी त्याला पुण्याची गोष्ट सांगितली, आत्ता तुम्हाला सांगितली तशी. तो आरशातून माझ्याकडे बघत होता. दोरा निघाला, चीर मोकळी झाली. मी पाठीवरून हात फिरवला. त्यानं विचारलं, ‘दादांना सांगितलं होतं का तुम्ही, नंतर कधी?’

नाही, म्हटलं. आणि बाहीवरची पट्टी काढायला घेतली.